खापराची जागा

घर बांधून झालं, रंग लागला, दारं बसली, पण स्वयंपाकघर तसंच उघडं राहिलं. चार भिंती, खाली फरशी आणि भिंतीतून बाहेर डोकावणारे दोन नळ, त्यांना चिंध्या बांधलेल्या. ना ओटा, ना मांडणी. आम्ही राहायला आलो आणि सून हॉलच्या कोपऱ्यात जमिनीवर शेगडी मांडून स्वयंपाक करू लागली. असे पाच महिने गेले. येणारा-जाणारा विचारायचा, "मिस्त्रीचं घर आणि ओटा नाही?" मी म्हणायचो, होईल. होणार कसा? मीच अडवून धरला होता.

मी गवंडी माणूस. शाळा चौथीपर्यंत, तीही शेवटच्या वर्षी अर्धीच. गाव धरणगावच्या बाजूला. चाळीस वर्षं जळगाव, नशिराबाद, पार धुळ्यापर्यंत लोकांची घरं उभी केली आणि स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. शेवटी मुलानं जळगावच्या बाहेर प्लॉट घेतला आणि बांधायला काढलं. स्लॅब भरला आणि वीस दिवसांत माझी बायको गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी संपलं. त्याच्यावर जास्त लिहायचं नाही. लिहायला बसलो की मला राग येतो. कोणाचा, ते सांगता येत नाही.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं. बाकी घर मुलानं त्याच्या हौशीनं करावं, टीव्हीची भिंत कागद लावून सजवावी, माझं काही म्हणणं नाही. स्वयंपाकघर मात्र तिच्या मनासारखं होईल. आणि तिच्या मनात काय आहे ते मला पक्कं माहीत होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

तिच्या मनात खापर होतं, असं मी धरून चाललो होतो.

आमच्या खानदेशात पुरणाचा मांडा खापरावर करतात. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, चुलीवर पालथं घालायचं, पोट वर. खाली लाकडाचा जाळ. कणीक अशी सैल भिजवायची की लोणी वाटावं. तिच्यात पुरण भरायचं आणि लाटणं न लावता दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मांडा वाढवायचा. मनगटापासून कोपरापर्यंत लोंबला की तापल्या खापरावर अलगद सोडायचा. तो असा पडतो की घडी नाही, भोक नाही. माझी बायको बसून मांडा करायची आणि बघणारा जेवायचं विसरायचा. मी शंभर घरं बांधली असतील, पण माझं नाव झालं ते तिच्या मांड्यांनी. ज्याचं घर बांधायला घ्यायचो त्याला सांगायचो, आखाजीला आमच्याकडे या, मांडे आणि आमरस. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. वीस-पंचवीस माणसं यायची. ठेकेदार यायचे, लोखंडवाला यायचा, नशिराबादचे एक लाकडाचे व्यापारी चाचा यायचे. ते दर वर्षी म्हणायचे, "भाभी के हात में जादू है." मी मिशीवर हात फिरवायचो. हात तिचे आणि मिशी माझी.

पाया आखला त्या दिवशी ती प्लॉटवर आली होती. जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. ती स्वयंपाकघराच्या चौकोनात जाऊन मधोमध मांडी घालून बसली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "हाई एवढंसं शे का?"

मी हसलो. आखल्यावर खोली लहानच दिसते. भिंती उठल्या की मोठी दिसायला लागते. हे मी प्रत्येक मालकाला सांगत आलो होतो, तिलाही सांगितलं. मग कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हटलं, "तिथं तुझी चूल. वर धुराडं काढून देतो. शहरात राहून घरात खापर चढवणारी तू एकटीच असशील."

ती पदरानं पायाची फक्की झटकत उठली. मी म्हटलं, खूश झाली.

ती गेली, आणि राहायला आल्यावर पाच महिने मी त्या कोपऱ्यासाठी भांडलो.

मुलगा आधी नीट बोलला. मग एक दिवस मॉड्युलर किचनवाला घेऊन आला. पोरगेलासा माणूस, हातात लॅपटॉप, बूट न काढता थेट आत. भिंतीवर लाल ठिपका पाडून माप घेतलं. टेप नाही, काही नाही.

"काका, एल करू का पॅरलल?"

"खापर कुठं बसेल ते सांग."

"काय बसेल?"

"खापर. मातीचं. एवढं." मी हात पसरून दाखवलं. "खाली चूल. चुलीला लाकडं. लाकडाला धूर."

त्यानं मुलाकडे पाहिलं. मुलानं फरशीकडे पाहिलं.

"काका, इथं ट्रॉली येतात. प्लाय आहे, लॅमिनेट आहे. जाळ चालणार नाही."

"मग ट्रॉली काढ."

"ट्रॉली काढल्या तर उरतं काय?"

"स्वयंपाकघर."

तो हसला. मी नाही हसलो. त्यानं लॅपटॉपवर चित्र दाखवलं. पांढरं शुभ्र, दवाखान्यासारखं. मी विचारलं, याच्यात बाई कुठं आहे? तो म्हणाला, बाई चित्रात नसते काका. चहा न घेता गेला. मुलगा मला म्हणाला, "आबा, तुम्ही माणसं पळवून लावता."

आता वाटतं, बाई कुठं आहे हे मी त्याला कोणत्या तोंडानं विचारलं?

सून गणित शिकवते. तिची शाळा सकाळची. पहाटे उठून ती जमिनीवर बसून पोळ्या करायची, दोन डबे भरायची, भिंतीला हात टेकत उठायची. ती उंच आहे, माझ्या मुलाच्या बरोबरीची. खाली बसली की तिचे गुडघे शेगडीच्या वर यायचे. पाच महिन्यांत ती एकदाच बोलली.

"आबा, काहीही करा, पण करा. माझी पाठ राहिली नाही."

मी म्हटलं, "तुझ्या सासूनं चाळीस वर्षं खाली बसून केलं."

ती पोळी उलटत होती. वर न बघता म्हणाली, "म्हणूनच त्यांचे गुडघे गेले होते, आबा."

मला एवढा राग आला की मी ताट सारून उठलो. राग का आला? ती खोटं बोलली असती तर मी तिथंच बसून भांडलो असतो.

आखाजीला महिना राहिला आणि मी म्हटलं, बस्स. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाची घागर भरतात. मातीच्या घागरीत पाणी भरायचं, तिची पूजा करायची आणि पुरणाचा नैवेद्य ठेवायचा. तिची ही पहिली घागर. तिच्या घागरीपुढं तव्यावरची पोळी ठेवणार? त्या घराला मी घर म्हणणार नाही. चूल मीच बांधणार आणि आखाजीला सासरहून मुलगी येऊन मांडा करणार. आईनं तिला शिकवलं होतं.

काम सोडल्यावर पाच वर्षांनी थापी हातात धरली. शेजारच्या बांधकामावरच्या विटा मागून आणल्या. मुलगा कामावर, सून शाळेत. दोन दिवसांत मी चूल उठवली. खोटं कशाला बोलू, चूल सुरेख झाली. तोंड रुंद, मागं उतार, खापर बसेल असा गोल मापानं घेतलेला काठ. हात थरथरला तरी ओळंबा थरथरत नाही.

मग धुराड्याचं भोक पाडायला छिन्नी घेतली. तिसऱ्या घावाला भिंतीतून पाणी उडालं. सरळ तोंडावर. नळ भिंतीच्या आतून गेलेला होता आणि कुठून गेलाय ते मला माहीत नव्हतं. ज्या घराच्या पायाला मी उभा होतो त्या घरातला नळ मी स्वतःच्या हातानं फोडला! बोटानं भोक दाबून धरलं आणि ओरडत राहिलो. शेजारीण धावत आली. तिला गच्चीवरचा कॉक सापडेपर्यंत स्वयंपाकघरात पाणी साचलं, ते हॉलमध्ये गेलं आणि सुनेच्या पिठाचा डबा भिजला.

संध्याकाळी मुलगा भिंतीकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "आबा, तुम्ही दुसऱ्याच्या घरात असं केलं असतं तर?"

"दुसऱ्याच्या घरात मी विचारून फोडतो."

"मग इथं का नाही विचारलं?"

सून खाली बसून ओलं पीठ भरत होती. नळ दुरुस्त झाला, भोक तसंच राहिलं. मी त्याच्यात पत्र्याचा पाइप घातला आणि सिमेंट लावलं. धुराडं झालं. माझं म्हणणं मी खरं केलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मुलगी आली. ती सोनगीरला दिलेली आहे. एसटीतून उतरली, हातात आंब्यांची पिशवी. मी रिक्षातच सांगून टाकलं की तुझ्या आईची चूल झाली, उद्या मांडा तुला करायचा. ती बाहेर रस्त्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आईची आठवण आली असेल.

घरी आल्यावर मी तिला थेट स्वयंपाकघरात नेलं. चूल सारवून ठेवली होती. खापर धुऊन, पुसून शेजारी ठेवलं होतं.

"आबा, हाई काय शे?"

"दिसत नाही का? चूल."

"कोनासाठे?"

"कोणासाठी म्हणजे? तुझ्या आईसाठी."

ती चुलीसमोर उकिडवी बसली. काठावरून हात फिरवला. मला वाटलं आता म्हणेल, आबा, काय काम केलंत. ती म्हणाली, "मी नही करनार मांडा."

"काय झालं? हात दुखतो?"

"मायले नको व्हतं हाई."

मुलगी अहिराणीत बोलत होती. पुढचं मी सगळ्यांना कळेल असं लिहितो. तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.

ती म्हणाली, "आबा, आईला मांड्याचा कंटाळा होता. कंटाळा नाही, धसका होता. आखाजी आली की पंधरा दिवस आधीपासून तिला झोप लागायची नाही."

"कोणी सांगितलं तुला?"

"तिनं."

"मला तर कधी नाही बोलली."

"तुम्ही पंचवीस माणसांना बोलावून यायचे आणि मग तिला सांगायचे. ती काय बोलणार?"

मी म्हटलं, खोटं आहे. आणि माझ्याकडचा पुरावा काढला. धरणगावहून आम्ही जळगावला राहायला आलो तेव्हा टेम्पोत सगळं सामान मागं टाकलं होतं. तांब्याचा हंडा, शिवणयंत्र, सगळं. खापर मात्र ती पुढं मांडीवर घेऊन बसली होती. पोतं गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून, पोराला धरतात तसं. खड्डा आला की उचलून धरायची. मी म्हटलं, "ज्या वस्तूचा धसका असतो ती कोणी मांडीवर घेऊन बसतं का?"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आबा, त्याच्या आधीचं खापर फुटलं होतं तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. तिच्याशी बोलला नव्हता. मी लहान होते पण मला आठवतं. ती ते खापर जपत नव्हती. तुमच्या तोंडाला घाबरत होती."

मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

फुटलं होतं. खरं आहे. माझ्या आईच्या हातचं खापर होतं ते. बायको विहिरीवर धुवायला घेऊन गेली आणि निसटलं. मी जेवलो नव्हतो, ते पण खरं. मी विसरलो होतो. ज्याच्याशी अबोला धरला जातो तो विसरत नाही वाटतं.

मग एकेक गोष्ट उगाच डोक्यात येऊ लागली. तिच्या हातावर कोपराच्या आतल्या बाजूला डागांची रांग होती. खापराच्या वाफेचे चट्टे. एका आखाजीला ती म्हणाली होती, हात फार भाजतात. मी दुसऱ्या दिवशी मलम आणून दिलं. मला वाटलं, मी काळजी घेतली. मलमानं पंचवीस माणसं कमी होत नाहीत, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि धंद्यातलं पण आठवलं. ओटा बांधताना आम्ही मालकाला विचारायचो. किती उंच? मालक कमरेवर हात ठेवून म्हणायचा, एवढा. कोणाच्या कमरेवर? त्याच्या. तो ओट्यापुढं आयुष्यात उभा राहणार नसायचा. नशिराबादला एका घरात दाराआडून बाईचा आवाज आला होता, "मिस्त्री, थोडा नीचा करो, मैं छोटी हूँ." मी म्हटलं, "आपा, भाईसाबको पूछो." भाईसाब बाहेरगावी होते. ओटा मी उंचच बांधला. तिनं पुढं पाटावर उभं राहून पोळ्या लाटल्या असतील. माझ्या बायकोला तर ओटाच नव्हता, म्हणून तिची उंची मला मापानं माहीतच नाही. शंभर ओटे बांधणाऱ्या माणसाला स्वतःची बायको ओट्याला कुठं लागते हे माहीत नाही.

मला तिचा राग आला. हे लिहायला बरं वाटत नाही पण आला. चव्वेचाळीस वर्षं एका ताटात जेवलो. एकदा तरी माझ्या तोंडावर सांगायचं होतं, मला नको म्हणून. मी काय मारणार होतो का? मी कधी हात उचलला नाही. दोन दिवस जेवलो नसतो, तिसऱ्या दिवशी जेवलो असतो.

मुलगी चहा घेऊन आली. पायरीवर बसली.

"सांगणार होती," ती म्हणाली. "मागच्या वेळेस माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, नव्या घरात खापर चढवायचं नाही. तुझ्या बापाला सांगायचं कसं, तेवढं बघते."

"मग?"

"मग ताप आला."

मी चहा घेतला नाही. कप बाजूला सारून विचारलं, "तुझ्याकडे येऊन ती काय करायची?"

दर आखाजीनंतर बायको चार दिवस सोनगीरला जायची. मला वाटायचं, लेकीला भेटायला.

मुलगी हसली. आल्यापासून पहिल्यांदा. "काही नाही करायची. हाताला तूप लावून बसायची. माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. आणि रात्रीला हायवेवरच्या हॉटेलातून शेवभाजी मागवायची. तिखटजाळ. घाम पुसत खायची आणि म्हणायची, दुसऱ्यानं केलेलं किती गोड लागतं."

शेवभाजी! घरात हॉटेलचं आणलं की ती माझ्यासमोर नाक मुरडायची. मीच नाक मुरडायचो म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी घागर भरली. सुनेनं खाली बसून तव्यावर पुरणपोळ्या केल्या, मुलीनं आंब्याचा रस काढला. मी चुलीकडे बघितलं नाही. पूजा झाली, नैवेद्य वाढला, आणि मुलानं बाहेरून एक पार्सल आणलं. वास आला तेव्हाच मला कळलं.

"हे काय आहे?"

"अक्कानं आणायला सांगितलं," मुलगा म्हणाला. तो मोठ्या बहिणीला अक्का म्हणतो, आणि असं काही अंगावर आलं की तिच्यावर ढकलतो.

"पितराला हॉटेलचं? कांदा-लसणाचं?" मी ओरडलो. खरंच ओरडलो.

मुलगी वाटीत शेवभाजी ओतत होती. म्हणाली, "पितर कोन शे? माय शे ती मन्ही."

सून तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, कळलं नाही. वाटी घागरीपुढं ठेवली गेली. तांबडा लाल रस्सा, वर तेलाचा तवंग. मला पटलं नाही. अजून पटलेलं नाही. पण मी उचलली पण नाही.

मुलगी गेल्यावर मी घण घेतला. मला वाटलं अर्ध्या तासात चूल निघेल. दोन दिवस लागले. माल पक्का वापरला होता, पाणी भरपूर मारलं होतं. स्वतःचं काम स्वतः फोडताना कळतं की आपण काम चांगलं करायचो. दर वीट निघताना मला वैताग यायचा. एकीकडे वाटायचं, कशाला एवढी घट्ट बांधली? आणि एकीकडे वाटायचं, राहू दे ना, काय बिघडतं? खापराचं काय करायचं ते कोणी विचारलं नाही. मी ते गच्चीवर नेऊन पालथं ठेवलं. पक्षी बसतात.

कोपरा मोकळा झाला. त्या रविवारी सून घरी होती. मी तिला हाक मारली. स्वयंपाकघराच्या मधोमध उभं केलं. हातात खडू घेतला.

"बोल. ओटा कुठं पाहिजे?"

ती गडबडली. मुलाकडे बघायला लागली. मी मुलाला बाहेर पाठवलं.

"बोल."

"तुम्ही म्हणाल तसं, आबा."

माझं डोकंच फिरलं. "हेच! हेच ऐकत आलो मी चव्वेचाळीस वर्षं. तुम्ही म्हणाल तसं. आणि मग मेल्यावर लेकीकडून कळतं. मी इथून हलणार नाही. तुला शाळेत पोरं घाबरतात ना? तशी बोल."

ती दचकली. मग तिनं चप्पल काढली, भिंतीला पाठ लावून सरळ उभी राहिली आणि कोपरात हात वाकवला. म्हणाली, "इथं. माझ्या कोपराच्या खाली चार बोटं."

मी भिंतीवर खूण केली. अडतीस इंच भरलं. मी आयुष्यात अडतीसचा ओटा बांधला नव्हता.

"फार उंच होतो."

"तुमच्यासाठी. आणि कणीक मळायला इथं कोपऱ्यात चार इंच खाली पाहिजे. मळताना जोर लागतो."

"ओटा एका लेव्हलला असतो. पायरी पडत नाही ओट्याला."

"का?"

पाणी साचतं म्हणावं, तर उतार देता येतो. दिसायला वाईट म्हणावं, तर कोणाला? चाळीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "तशी पद्धत नाही."

"मग पद्धत सोडा."

तिनं माझ्या हातातला खडू घेतला. सिंक खिडकीखाली काढलं. मग पुसलं. सिंकचं पाणी पोळ्यांवर उडतं म्हणून पलीकडे काढलं. फ्रिज कोपऱ्यात, जिथं चूल होती तिथं. मग म्हणाली, फ्रिजचं दार उघडल्यावर वाट अडते. पुसलं. धुराड्याच्या भोकाकडे बघून म्हणाली, "हे राहू द्या, इथं पंखा लावू." मग डब्यांची फळी. मग म्हणाली, फळी खाली पाहिजे, आबा, तुम्हाला पण चहा करता आला पाहिजे.

"मला?"

"मी सकाळी शाळेत असते. तुम्ही दहा वाजेपर्यंत चहासाठी शेजारी जाऊन बसता. मला कळत नाही का?"

तिनं चौथ्यांदा सिंक पुसलं. भिंत सगळी पांढरी झाली. माझी कंबर दुखायला लागली, टेपचं टोक धरून मी उभा होतो आणि ती म्हणत होती, थांबा, थांबा, असं नको. मी वैतागलो. इतका वैतागलो की टेप टाकून निघून जावं असं वाटलं. गिऱ्हाईकानं असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नसतो.

मी मोरीतून ओलं फडकं आणलं आणि तिच्या हातात दिलं.

"नीट पूस," मी म्हटलं. "अर्धवट रेघ राहिली तर माझा गोंधळ होतो. आणि आता परत उभी राहा भिंतीला. कोपर दाखव."